मागचं वावर

दुसरीच्या पुस्तकात कापसाचं चित्र होतं. चार फाकांत उकललेलं बोंड आणि त्यातून बाहेर आलेला पांढराशुभ्र कापूस. मी आईला विचारलं होतं, हा कोणत्या बियाण्याचा? कारण आमच्या रोडकडच्या वावरातला कापूस असा कधीच नव्हता. उकलायचा पांढराच, पण दोन दिवसांत त्याच्या तोंडावर करडी साय धरायची. आठ दिवस वेचायचा राहिला की ती साय काळी व्हायची.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीहून घुग्घुसकडे जाणाऱ्या पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे कुणी गेलं असेल तर त्याला मी काय म्हणते ते कळेल. वर कापसाची काळी जमीन, तिच्या पोटात कोळसा, आणि मधून गेलेला रस्ता. रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक. काहींवर ताडपत्री नीट ताणलेली, काहींवर अर्धीच, आणि काहींची ताडपत्री मागे नुसतीच फडफडत असायची, जणू ट्रक आम्हाला टाटा करतोय. कोळशाचा एखादा खडा पडला तर गावातली पोरं धावत जाऊन उचलायची. चुलीला व्हायचा. धूळ मात्र कुणाच्या कामाची नव्हती, ती आमच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, बसायची.

आमची जमीन दोन तुकड्यांत. साडेतीन एकर रोडला लागून आणि अडीच एकर नाल्यापलीकडे, गावाच्या पाठीमागे. त्या दुसऱ्या तुकड्याला घरात सगळे ‘मागचं वावर’ म्हणत. दोन्हींत बियाणं एकच, खताच्या गोण्या एकाच दुकानातल्या, डवरणीचे बैलही तेच. कापूस मात्र दोन वावरांतला दोन रंगांचा यायचा.

आई वेचताना कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखाच्या कडेला बारीक चिरा पडायच्या. मागच्या वावरात वेचून आलं की त्या चिरा लाल दिसायच्या, रोडकडून आलं की काळ्या. रात्री ती गरम पाण्यात बोटं बुडवून बसायची आणि पाणी शाईसारखं व्हायचं. रस्त्याला लागून जी आठ तासं, म्हणजे पऱ्हाटीच्या आठ ओळी, होती त्यांचा कापूस ती वेगळा वेचायची, वेगळ्या गठुड्यात बांधायची. मला वाटायचं हा तिचा नीटनेटकेपणा. मोठी झाल्यावर कळलं की तो हिशेब होता. खेडा खरेदीचा व्यापारी एकदा सगळा एकत्र केलेला कापूस बघून गेला होता. गठुड्यात कोपरापर्यंत हात घालून त्यानं बरोबर काळी मूठ वर काढली आणि म्हणाला, ‘हा कापूस हाये का कोयसा, बाई?’ क्विंटलमागे दोन-अडीचशे कापले ते सगळ्याच ढिगाला. तेव्हापासून आठ तासांचं गठुडं वेगळं. एका मुठीपायी बाकीच्याची किंमत जाऊ नये म्हणून.

बाबा वाद घालायचे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, ‘मागच्या वावरातला पाह्य, मंग बोल.’ म्हणजे शेतकरी तोच, मेहनत तीच, फरक फक्त हवेचा, हे त्यांना सिद्ध करायचं असायचं. आणि ते सिद्ध व्हायचंही. मागच्या वावरातली पऱ्हाटी त्यांच्या खांद्याला लागायची, रोडकडची पोटाच्या वर क्वचित जायची. बोंडं कमी, तीही लहान. कवडीचं, म्हणजे नीट न उकललेल्या खराब कापसाचं, प्रमाण जास्त.

असं का होतं हे समजायला शाळेची गरज नव्हती. पानावर अंगठा ओढला की हिरवा पट्टा उमटायचा, बाकीचं पान राखाडी. त्या राखाडीखाली पोचणारं ऊन कमी, म्हणजे पानाचा स्वयंपाक कमी. पानाला श्वास घ्यायला जी बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं, त्यांत धूळ अडकते. धुळीचं पान उन्हात जास्त तापतं. आणि धूळ बसलेल्या पानांवर लाल कोळी जास्त होतो, हे रस्त्याकडेला वांगी लावणाऱ्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. पहाटे दंव पडलं की ही धूळ ओली होऊन चिकटायची. मग ती वाऱ्यानंही जात नसे. एखादा अवकाळी पाऊस आला, तर सगळा गाव कापूस भिजला म्हणून रडायचा आणि बाबा अंगणात उभे राहून म्हणायचे, पानं तरी धुतली.

त्यांनी एकदा अर्ज केला होता. कुठे, ते सोडा. पंचनामा करायला माणूस आला, भला होता. त्यानं पानावर अंगठा ओढूनही पाहिला. मग त्याच्याजवळचा कागद वाचून दाखवला. अतिवृष्टी, गारपीट, पूर, दुष्काळ, कीड, रोग. ‘यातलं कशात बसवू सांगा,’ म्हणाला. बाबा म्हणाले, ‘दुष्काळात बसवा, हवेचा दुष्काळ आहे.’ तो हसला, चहा प्यायला, गेला. पुढचे चार दिवस रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरला. पाचव्या दिवशी नाही.

तरीही आता मागे वळून पाहताना वाटतं की आमचं नुकसान नशीबवान होतं. ते डोळ्यांना दिसत होतं, बोटांना लागत होतं, आणि मुख्य म्हणजे आमच्याकडे मागचं वावर होतं. काय यायला हवं होतं आणि काय आलं, हे दोन्ही एकाच घराच्या मालकीचं होतं.

लग्नानंतर मी पुण्याला आले. गेली बरीच वर्षं माझा कामावर जायचा रस्ता पाषाणवरून आहे. त्या रस्त्यावर भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, लोक तिला आयआयटीएम म्हणतात. तिच्या फाटकासमोरून मी इतक्या वेळा गेले असेन, पण पावसाचे अंदाज वर्तवणारे लोक यापलीकडे तिथं काय चालतं याचा मला पत्ता नव्हता. २०१४ मध्ये तिथल्या सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याची बातमी मी बसमध्येच वाचली. या शतकाच्या पहिल्या दशकातली परिस्थिती धरून त्यांनी देशातल्या एकेका जिल्ह्याचा हिशेब मांडला होता. कापूस, सोयाबीन, भात, गहू अशी चार पिकं, आणि त्यांचं जमिनीलगतच्या ओझोनमुळे होणारं नुकसान. गहू वर्षाला ३५ लाख टन कमी, भात २१ लाख टन कमी. अन्नसुरक्षा कायद्याखाली सरकारला वर्षाला जे ६ कोटी १२ लाख टन धान्य लागणार होतं, त्याच्या ९.२ टक्के. दारिद्र्यरेषेखालच्या सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांना पुरेल इतकं. आणि सगळ्यात जास्त नुकसान कुठे, तर मध्य आणि उत्तर भारतात.

मी बातमी दोनदा वाचली. ३५ लाख टन गहू कुठे गेला, तर कुठेही नाही. तो सडला नाही, उंदरांनी खाल्ला नाही, भिजला नाही. तो आलाच नाही. त्याच्यासाठी कुणी रडलं नाही, कारण तो कुणाच्या हातातून निसटलाच नव्हता.

त्या रात्री भावाला फोन केला. आता शेती तोच करतो. रोडकडच्या वावरात त्यानं कापूस ठेवलाय, मागच्या वावरात बोअर मारून रब्बीला दोन एकर गहू आणि थोडा हरभरा घेतो. मी मोठ्या उत्साहानं ओझोनचं सांगितलं. तो ऐकून घेतो, हा त्याचा गुण. मग म्हणाला, ‘ताई, थो ओझोन त वरतं आभायात राह्यते ना? पोराच्या पुस्तकात हाये. थो गेला त आपन मरतो म्हनते. मंग खाली आपल्या वावरात काय करून रायला थो?’

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर द्यायला मला आठवडा लागला.

ओझोन एकच. वीसेक किलोमीटर उंचीवर असतो तेव्हा तो सूर्याची अतिनील किरणं अडवतो. तोच नाकातोंडाशी आला की जाळतो, आपलं फुफ्फुसही आणि झाडाचं पानही. वरचा खाली फारसा उतरत नाही, खालचा बहुतेक इथंच तयार होतो. आणि गंमत अशी की तो कुठल्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. गाड्या, वीजकेंद्रं, कारखाने यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात. पेट्रोल, रंग, द्रावकं, लाकूडफाटा यांतून कसल्या कसल्या वाफा निघतात. या दोन्हींवर काही तास कडक ऊन पडलं की ओझोन शिजतो. म्हणून तो सकाळी कमी असतो आणि दुपारी जास्त. म्हणून पावसाळ्यात, आभाळ भरलेलं असताना, तो फारसा त्रास देत नाही आणि जानेवारी-फेब्रुवारीनंतर, ऊन तापू लागलं की चढत जातो. नेमका तेव्हा गहू दाणा भरत असतो.

हे पहिल्यांदा उलगडलं तेही झाडांमुळेच. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसवर एक डोळे झोंबवणारी धुरकट हवा साचू लागली. शहरातले लोक डोळे चोळत होते, आणि आसपासच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या पालकाची, बिटाची पानं कधी न पाहिलेल्या पद्धतीनं करपत होती. पासाडेनाच्या कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचा डच जीवरसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या वासावर काम करत होता. अननसाचा वास पकडायची जी उपकरणं त्यानं बनवली होती, त्यांतच त्यानं शहराची हवा पकडली. पुढे त्यानं बंद काचघरात पालक, लसूणघास अशी रोपं ठेवून त्यांच्यावर ओझोन आणि पेट्रोलच्या वाफांचं मिश्रण सोडलं. पानं हुबेहूब तशीच करपली. मोटारींच्या धुराचा गुन्हा पहिल्यांदा पकडला गेला तो पालकाच्या पानावर. माणसाच्या झोंबणाऱ्या डोळ्यांनी तो तोवर पकडला गेला नव्हता.

पुढची गोष्ट मला फार लागली. ओझोन शहरात तयार होतो म्हणावं, तर शहराच्या मधोमध तो अनेकदा कमी सापडतो. गाड्यांच्या ताज्या धुरातलं नायट्रिक ऑक्साइड तिथल्या तिथं त्याला खाऊन टाकतं. पण तीच हवा वाऱ्याबरोबर गावाकडे निघाली की वाटेत ऊन त्यात काम करत राहतं, आणि तिथं ओझोनला खाणारा ताजा धूर नसतो. तो वाढतो आणि टिकतो. आमच्याकडे कुणी पोरगं शिकून बिघडलं की म्हणतात, त्याला शहराची हवा लागली. गव्हालाही लागते, शब्दशः.

भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘म्हंजे पुन्याची हवा तू तिकडं खाऊन इकडं पाठवते.’ पुण्याची हवा वणीपर्यंत येत नाही, पण मुद्दा चुकीचा नव्हता. त्यातून आम्ही काही वाऱ्यावर अवलंबून नाही, जवळच सगळं आहे. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा, तिथं २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले होते. आयुष्यात एवढे गुण आम्हा दोघा भावंडांना कधी मिळाले नाहीत.

आता पानाच्या आत काय होतं ते. झाड हवा घेतं ती पर्णरंध्रांतून. कर्बवायू आत घ्यायला दार उघडतं, त्याच दारातून ओझोन आत येतो. आत गेल्यावर तो पेशींच्या पडद्यांना आणि हरितद्रव्याला त्रास देतो. झाड आपली ताकद दुरुस्तीत घालतं. पान वेळेआधी म्हातारं होतं. गव्हाच्या शेवटच्या पानावर, ज्याला झेंडा पान म्हणतात, दाण्याचा सगळा भार असतो. ते आठवडाभर आधी पिवळं पडलं तर ओंबी तेवढीच राहते, पण दाणा भरत नाही. पोत्यांचा आकडा थोडा खाली येतो आणि शेतकरी म्हणतो, यंदा थंडी कमी पडली.

यातला एक भाग मला अन्यायाचा वाटतो. पाणी कमी पडलं की झाड पर्णरंध्रं मिटून घेतं, म्हणजे ओझोनही कमी आत जातो. ज्यानं कर्ज काढून बोअर मारलं, वेळेवर पाणी दिलं, त्याच्या गव्हाची दारं सताड उघडी असतात. काही अभ्यासांत असंही दिसलंय की जास्त उत्पादन देणारे नवे वाण जुन्यांपेक्षा ओझोनला जास्त बळी पडतात, कारण ते श्वासच जास्त घेतात. म्हणजे चांगली शेती करणाऱ्याला दंड जास्त.

जगाचा हिशेबही झाला आहे. २०१० ते २०१२ या तीन वर्षांसाठी ओझोनमुळे सोयाबीन १२.४ टक्के, गहू ७.१, मका ६.१ आणि भात ४.४ टक्के कमी आला असा अंदाज निघाला. सोयाबीनचा आकडा वाचून मी दचकले, आमचा निम्मा जिल्हा सोयाबीनवर आहे. पण आपलं सोयाबीन पावसाळ्यात वाढतं, ढगांच्या सावलीत. तेव्हा त्याला खायला खोडमाशी आणि यलो मोझॅक पुरेसे असतात.

हे सगळं वाचल्यावर मला जिकडेतिकडे ओझोन दिसायला लागला. नवशिक्या माणसाचं होतं तसं झालं. नोव्हेंबरमध्ये भावानं मागच्या वावरातल्या कापसाचा फोटो पाठवला, तेव्हा तिथंही थोडा कापूस होता. पानं कडेनं लाल-तांबडी, शिरा हिरव्या. मी लगेच फोन केला, हाच तो, जुन्या पानांवर आधी दिसतो, शिरांच्या मधे दिसतो, मी वाचलंय. त्याला म्हटलं, पानं काढून कागदात घालून पाठव, मी इथं कुणाला तरी दाखवते. त्यानं इमानानं वीसेक पानं वर्तमानपत्रात दाबून कुरिअर केली. सत्तर रुपये घेतले कुरिअरवाल्यानं. पाकीट इथं पोचायच्या आधी कृषी सहायक वावरात येऊन गेला, एका नजरेत म्हणाला, ‘लाल्या आहे, मॅग्नेशियम सल्फेट मारा.’ लाल्या म्हणजे अन्नद्रव्य कमी पडून पानं लाल होणं. मारलं. नवी पानं हिरवी आली.

भाऊ काही बोलला नाही. वहिनी मात्र पुढच्या दिवाळीला मला बघून म्हणाली, ‘ताईचा ओझोन सत्तर रुपयांत बरा झाला.’

ती पानं अजून माझ्याकडे आहेत, एका जाड शब्दकोशात. त्या चुकीनं मला जे शिकवलं ते वाचून शिकले नव्हते. या नुकसानीला स्वतःचा चेहरा नाही. ते कधी नत्राच्या कमतरतेसारखं दिसतं, कधी लवकर आलेल्या उन्हाळ्यासारखं, कधी निकृष्ट बियाण्यासारखं, आणि बहुतेक वेळा कशासारखंच दिसत नाही. तज्ज्ञही नुसतं पान बघून गव्हातली घट सांगू शकत नाहीत. ओळखायचं तर एकच मार्ग, शेजारी दुसरं शेत हवं, जिथं बाकी सगळं तेच आहे आणि हवा मात्र स्वच्छ आहे. मागचं वावर हवं.

आणि ते कुठेच नाही. धूळ रस्त्यापासून आठ तासांत संपते, ओझोन आठ तालुक्यांत संपत नाही. माझ्या भावाच्या शेतात, शेजाऱ्याच्या शेतात, नदीपलीकडे, सगळीकडे तोच. ज्यांच्याशी तुलना करायची तेही तेवढेच मागे आलेले. सगळ्या वर्गाचेच मार्क कमी झाले तर पेपर अवघड होता म्हणायचं आणि गप्प बसायचं.

म्हणून शास्त्रज्ञ मागचं वावर बनवतात. शेतातच, उभ्या पिकाभोवती पारदर्शक प्लास्टिकचं गोल कुंपण, माणसाहून उंच, वर उघडं. ऊन येतं, पाऊस येतो. खालून पंख्यानं हवा सोडतात, आणि एका कुंपणात ती हवा आधी कोळशाच्या गाळणीतून नेतात. हो, कोळशाच्याच. सक्रिय कोळसा हवेतला ओझोन काढून टाकतो. शेजारच्या कुंपणात गाळणी काढून तीच आसपासची हवा. बी तेच, माती तीच, तापमान तेच. शेवटी दोन्हीकडचे दाणे तोलायचे. बनारस हिंदू विद्यापीठात मधुलिका अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुंपणांत गहू, भात, मूग, मोहरी अशी कितीतरी पिकं वर्षानुवर्षं घेतली आहेत. गाळलेल्या हवेतला गहू जास्त भरतो. वाराणसीच्या बाहेर, गंगेच्या त्या सुपीक मातीत, चार हात रुंदीच्या प्लास्टिकच्या कुंपणात तेवढा गहू पिकतो जेवढा खरं म्हणजे सगळीकडे पिकायला हवा होता. मला ते कुंपण एकदा बघायचं आहे. आईला नेलं असतं तर तिनं आधी वाकून पान चोळून पाहिलं असतं.

भावाला हे पटलं. त्याच्या डोक्यात लगेच पुढचा प्रश्न, आणि तो प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यात येणारच, ‘मंग फवारा कोनता मारू?’ मी सांगितलं की एक रसायन आहे, ईडीयू म्हणतात, सत्तरच्या दशकाच्या शेवटी सापडलं. ते दिलेल्या रोपांना ओझोन कमी लागतो. पण ते प्रयोगापुरतं, दिलेलं आणि न दिलेलं रोप शेजारी ठेवून किती नुकसान होतंय हे मोजायला. दुकानात मिळत नाही. ‘म्हंजे नुसतं नुकसान मोजाचं औषध,’ तो म्हणाला. मी हो म्हटलं. आम्ही दोघंही थोडा वेळ फोनवर गप्प होतो, आणि मग त्यानं तुरीचा भाव सांगायला सुरुवात केली.

२०२५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून आणखी एक अभ्यास आला. तो मला जास्त जवळचा वाटला, कारण त्यातली युक्ती आमच्या काकाजींना सहज कळली असती. काकाजी सकाळी उठून पहिल्यांदा वारा कुठून आहे ते बघायचे आणि मग ठरवायचे की आज रोडकडं काम करायचं की मागं. या लोकांनी तेच केलं. भारतातली कोळशाची वीजकेंद्रं घेतली, आसपासची शेतं घेतली, आणि रोजच्या वाऱ्याची दिशा पाहिली. ज्या दिवशी वारा केंद्राकडून शेताकडे वाहतो ते दिवस एका बाजूला, नाही ते दुसऱ्या बाजूला. उपग्रहावरून नायट्रोजन डायऑक्साइड मोजला आणि पिकाचा हिरवेपणाही. जिथं दुसरं वावर नव्हतं तिथं त्यांनी दुसरा दिवस शोधला. वीजकेंद्रांच्या सावलीतल्या काही भागांत भात आणि गव्हाची घट १० टक्क्यांच्या वर निघाली, आणि हा परिणाम केंद्रापासून १०० किलोमीटरपर्यंतही पोचत होता. पंचनाम्याच्या कागदावर वाऱ्याच्या दिशेसाठी अजून रकाना नाही.

एकच बाजू सांगितली असं नको. हवा शेतकऱ्याला देतेही. इंग्लंड-जर्मनीत कारखान्यांच्या धुरातला गंधक पावसाबरोबर शेतात पडायचा. ऐंशीच्या दशकानंतर धुराड्यांवर बंधनं आली, हवा सुधारली, आणि तिथल्या मोहरीवर्गातल्या तेलबियांना गंधक कमी पडायला लागलं. शेतकऱ्यांना ते खतातून विकत घ्यावं लागलं. फुकटचं विष फुकटचं खतही होतं. आणि आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे पऱ्हाट्या उपटून वावरातच पेटवतात, धुरे जाळतात. आमच्या बोलीत बांधाला ‘धुरा’च म्हणतात, नाव सार्थ करतो म्हणा. त्या धुरातही ओझोन शिजवायला लागणारं सगळं सामान असतं. भावाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मजूर तू पाठव पुन्याहून, मी नाही जाळत.’ एका एकराच्या पऱ्हाट्या वेचून धुऱ्यावर रचायला किती मजुरी पडते ते त्यानं सांगितलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गहू निघाला तेव्हा मी गावाला होते. हार्वेस्टर दुपारी एकला मागच्या वावरात शिरला. वर निळंभोर आभाळ, एक ढग नाही, सगळ्यांना प्रसन्न वाटावं असं ऊन. मला आता तसं ऊन बघून प्रसन्न वाटत नाही, हा एक तोटा झालाच आहे या वाचनाचा.

ट्रॉलीत गहू पडत होता तेव्हा मी मूठभर घेतला, दाताखाली धरला. चांगला होता. थोडा बारीक वाटला, पण मागच्या वर्षीचा कुठे लक्षात आहे. भाऊ पन्नास किलोचे चाळीस कट्टे घेऊन आला होता, दोन एकराला एवढे लागतील असा त्याचा अंदाज. अंदाजात तो सहसा चुकत नाही. पोरगा कट्ट्याचं तोंड धरत होता, वहिनी टोपल्यानं भरत होती, भाऊ सुतळीनं शिवत होता. मी मोजत होते. अडतिसावा कट्टा पाऊण भरला आणि ट्रॉली झाडून झाली.

दोन बारदाने उरले. चाळिसात दोन म्हणजे पाच टक्के. हिशेब इतका सोयीचा होता की मी तो तोंडातून काढला नाही. मागच्या वेळी सत्तर रुपये गेले होते. यंदा जानेवारीत थंडी खरंच कमी होती, एक पाणी उशिरा बसलं, बियाणं घरचं होतं. त्यातलं काहीही असू शकतं.

भावानं घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. ‘सांग ना मंग,’ म्हणाला, ‘तुह्या त्या प्लास्टिकच्या वावरात किती झाले असते?’

मी म्हटलं, माहीत नाही रे.

त्यानं उरलेले दोन्ही बारदाने झटकले. त्यातून जुन्या हरभऱ्याचं भूस उडालं. मग दोन्हींची घडी घालून त्यानं ती ट्रॅक्टरच्या तापलेल्या सीटवर अंथरली आणि वर चढून बसला.